दवाखाना फुकट झाला, मग भरपाई कशाची?

पत्र बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचा नवरा चौतीस वर्षांचा, सेंट्रिंगची कामं करणारा. १२ डिसेंबरच्या रात्री मोटारसायकलवर गावाकडं येताना रस्त्यातच उभ्या करून ठेवलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तो मागून आदळला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ट्रॅक्टर भावकीतलाच, चुलत सासऱ्यांचा. मांडीचं आणि नडगीचं हाड मोडलं. सासरे दवाखान्यात आले आणि म्हणाले, "पोलिसांचं नाव काढलं तर योजना मिळणार नाही, गाडी घसरून पडला म्हणून सांगा." तसंच सांगितलं आणि केस पेपरवर तसंच लागलं. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं. आता चार महिने होत आलेत. नवरा काठीवर चालतो, गुडघा पुरता वाकत नाही. सासरे साठ हजार द्यायला तयार आहेत, त्याबदल्यात पाचशेच्या बॉण्डवर "आमची काही तक्रार नाही" असं लिहून मागतात. भावकीतले म्हणतात, "दवाखाना तर सरकारनं केला, तुमचं गेलं काय?" ताईंचे प्रश्न असे: भरपाई मागणं ही लालूच ठरेल का? मागून तोच धडकला, मग चूक त्याचीच नाही का? खोटं सांगितलं म्हणून आपल्यावरच शेकेल का? आणि पैसे मिळालेच, तर सरकार दवाखान्याचा खर्च त्यातून कापून घेईल का?

ताई,

तुमचं पत्र वाचताना माझी नजर अडकली ती शेवटच्या पानाच्या पाठीमागं. तिथं पेन्सिलीनं लिहिलंय: जीप तीन फेऱ्या ७,५००, बाहेरची औषधं ६,३४०, काठी ३५०, डबा, आणि खाली "कानातले ठेवले १८,०००". बेरीज केलेली नाही. भावकीतल्या माणसानं पुन्हा "तुमचं गेलं काय" असं विचारलं, तर काही बोलू नका. ते पान पुढं करा.

आणि त्या पानावर सगळ्यात मोठी रक्कम लिहायचीच राहिलीय. चार महिन्यांची मजुरी. सेंट्रिंगवाल्याला खाडा झाला की हजेरी नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता "फुकट" या शब्दाकडं येऊ. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी सव्वीस वर्षं समाजसेवा अधीक्षक होते. खाटेवरचा माणूस आणि टेबलावरचे कागद यांच्यामधलं काम. त्या काळात हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की त्याचा मला राग येतो. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात ते फुकट नसतात, कुणीतरी आधीच पैसे भरलेले असतात. ठरलेलं पॅकेज सरकार दवाखान्याला देतं, आणि सरकारकडं ते पैसे तुमच्याआमच्याकडूनच येतात. साबणाची वडी घेतली तरी त्यात कर असतो. तेव्हा तुमच्या नवऱ्याच्या मांडीत बसवलेल्या रॉडचे पैसे जनतेनं दिले. ते दिलेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न पुढचा आहे. ते शेवटी कुणाच्या अंगावर पडायला हवे होते?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं रस्त्यावर येणाऱ्या वाहनाला तिसऱ्या माणसाचा विमा सक्तीचा केलाय. तिसरा माणूस म्हणजे तुमचा नवरा. सासऱ्यांनी विमा भरला असेल, तर तो नेमका अशाच रात्रीसाठी भरलाय. पण केस पेपरवर "घसरून पडला" लागलं आणि ट्रॅक्टर कागदावरून गायब झाला. ट्रॅक्टर गेला तसा मालक गेला, मालकाबरोबर विमा कंपनीही गेली. मागं राहिले दोघेच, तुम्ही आणि सरकारी तिजोरी. लालूच कुणाची म्हणायची असेल तर ती तुमची नाही.

इतर देशांनी यावर विचार केलाय. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा रुग्णाकडून पैसे घेत नाही. पण अपघातग्रस्ताला ज्याच्या चुकीची भरपाई मिळते, त्या चुकणाऱ्याच्या विमा कंपनीला दवाखान्याचा खर्चही ठरलेल्या दरानं वेगळा भरावा लागतो. १९९९ च्या कायद्यानं हे रस्ते अपघातांसाठी नीट बसवलं आणि २००७ पासून इतर इजांनाही लावलं. यात मला आवडलेली गोष्ट अशी की हे पैसे जखमी माणसाच्या भरपाईतून कापत नाहीत, कंपनीकडून वरून घेतात. अमेरिकेतली गरिबांची मेडिकेड योजना मात्र जखमीच्या तडजोडीच्या रकमेतल्या उपचारखर्चाच्या वाट्यावर हक्क सांगते. त्याचे वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००६ मध्ये त्या न्यायालयानं बजावलं की उपचाराच्या वाट्याला हात लावा, वेदनेच्या आणि बुडालेल्या मजुरीच्या पैशाला नाही.

आपल्याकडं ब्रिटनसारखी सरसकट वसुलीची व्यवस्था उभी राहिलेली नाही. पाऊल पडलंय ते वेगळ्या बाजूनं. मे २०२५ मध्ये केंद्राची रस्ते अपघातातल्या जखमींसाठीची कॅशलेस योजना लागू झाली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, जखमीमागं दीड लाखापर्यंत. तिच्या निधीत विमाधारक वाहनांच्या अपघातांसाठी विमा कंपन्यांचा पैसा येतो. विमा नसलेल्या किंवा पळून गेलेल्या वाहनासाठी सरकारचा. म्हणजे बोजा योग्य खांद्याकडं सरकवायला सुरुवात झाली. पण या सगळ्याचा पाया एकच, दवाखान्यात पहिल्या तासाला खरं सांगणं. "ट्रॅक्टर-ट्रॉलीवर धडकला" हे शब्द कागदावर नसतील, तर कुठलीच योजना कुठल्याच कंपनीच्या दारात जाऊ शकत नाही. तुमच्यासाठी ती वेळ गेली, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी उद्या फोन आला तर एवढं ध्यानात ठेवा. पोलिसांचं नाव काढलं की योजना बंद होते, ही निव्वळ आवई आहे. अपघाताच्या केसमध्ये एमएलसीची, म्हणजे दवाखान्यानं पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद उलट मागितली जाते.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. दाव्याच्या निकालातून महात्मा फुले योजनेचा खर्च सरकारनं कापून घेतला, असं माझ्या सव्वीस वर्षांत मी पाहिलं नाही. मात्र योजनेनं भरलेला खर्च "आम्ही भरला" म्हणून दाव्यात लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सांगितलं की मेडिक्लेमचे मिळालेले पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत. पण तो मेडिक्लेम माणसानं स्वतः हप्ते भरून घेतलेला असतो. सरकारी योजनेला तेच माप लावून बसू नका. अर्जात सरळ लिहा: ऑपरेशन योजनेतून झालं, आमच्या खिशातून एवढे गेले, ही बिलं.

हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्याकडं कुणीतरी एजंट आला असेल, किंवा येईल. असा एक गृहस्थ आमच्या वॉर्डाबाहेर चहाच्या टपरीवर रोज बसायचा. पायाला प्लॅस्टर दिसलं की उठायचा. "चार लाखांची बिलं लावून देतो, निम्मे निम्मे." त्याच्या नादी लागलेल्या एका म्हाताऱ्याचा खरा दावाही खोट्या बिलांमुळं संशयात गेला. पाय मोडलेला दिसत होता, तरी प्रत्येक कागदावर प्रश्न आले.

आता "मागून धडकला तो चुकला" हे. गावात हा नियम देवळातल्या घंटेसारखा सगळ्यांना पाठ आहे, पण कायद्यात तो असा नाही. दुसऱ्याला धोका होईल अशा रीतीनं वाहन रस्त्यात उभं करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नं मनाई आहे. अंधारात, विनादिव्याची, उसानं भरलेली ट्रॉली अर्ध्या रस्त्यात उभी असेल, तर पहिली चूक ती उभी करणाऱ्याची. गळीत हंगामात रात्रीचा रस्ता आपण सगळ्यांनी पाहिलाय. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला की ट्रॉली दिसतच नाही, दिसतात त्या शेवटच्या क्षणी खाली लोंबणारी उसाची वाढी. विमा कंपनी म्हणेल की मोटारसायकलचा वेग जास्त होता. त्यात तथ्य आढळलं तर न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट, चुकीची वाटणी करतं, समजा अर्धी अर्धी, आणि तेवढी रक्कम कमी होते. दावा संपत नाही. जागेचे, ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे, मोडलेल्या मोटारसायकलचे फोटो त्या रात्री कुणाच्या तरी मोबाइलमध्ये निघालेच असणार. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गेलेलेही असतील. तारखेसकट ते गोळा करा. मोटारसायकल अजून दुरुस्त केली नसेल तर करू नका.

खोट्या नोंदीचं काय? ही तुमच्या प्रकरणातली खरी अडचण आहे, आणि मी ती हलकी करून सांगणार नाही. कंपनीचा वकील पहिला तोच केस पेपर उचलेल. पण घाबरूनही जाऊ नका. दवाखान्यात जाऊन कुणाला खाडाखोड करायला सांगू नका, त्यानं नुकसानच होईल. पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या आणि त्यात खोटं का सांगितलं तेही लिहा: कुणी काय म्हटलं, कुठं उभं राहून म्हटलं, तुम्ही कशाला भ्यालात. फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळायचा नसतो, उशिराचं कारण पटायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. घरचे लोक आधी जखमीकडं बघणार, ठाण्याकडं नंतर, हे न्यायाधीशांनाही कळतं. आणि तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती आलीय, तिचं मोल तुम्हाला कळलेलं दिसत नाही. नवऱ्याला १०८ नं आणलं. १०८ ला फोन कुणी केला, किती वाजता, कुठून, काय सांगून, याची नोंद असते. दवाखान्यात घसरलेली गाडी त्या नोंदीत ट्रॉलीवर धडकलेली असेल. फिर्यादीत तिचा उल्लेख करा, म्हणजे तपासात ती मागवता येईल. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर तीच पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

नियमानं अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाकडं पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत. २०२२ पासून तसं आहे. पण जिथं फिर्यादच नाही तिथं हे चाक जागचं हलत नाही. ते तुम्हालाच ढकलावं लागेल.

आता सासरे. तुमच्या पत्रात त्यांच्यावर राग आहे, पण भीती जास्त आहे: उद्या लग्नकार्यात तोंड कसं दाखवायचं, विहिरीच्या पाळीचं काय. मला विचाराल तर त्यांच्या भीतीचाही थोडा विचार करा. ट्रॅक्टर शेतीसाठी म्हणून नोंदवलेला आणि हंगामात कारखान्याचा ऊस भाड्यानं ओढणारा, ट्रॉलीचे कागद नसलेले, ड्रायव्हर कुठून तरी आणलेला, अशी गत असली तर कंपनी हात वर करेल आणि सगळं आपल्या अंगावर येईल, हे त्यांना ठाऊक आहे. साठ हजार त्या भीतीतून आलेत.

म्हणून कोर्टाआधी एकदा त्यांच्या ओट्यावर जा. एकट्या नको, तुमचा भाऊ किंवा दीर बरोबर घ्या. भांडायला नाही, एकच कागद मागायला: ट्रॅक्टरच्या विम्याची पॉलिसी. त्यांनी नाही दाखवली तरी ट्रॅक्टरचा नंबर एमपरिवहनवर टाकला की विमा कोणत्या तारखेपर्यंत होता ते दिसतं. विमा चालू असेल तर त्यांना समजावणं सोपं आहे: "मामंजी, दावा तुमच्यावर नाही, तुम्ही ज्यांना हप्ते भरले त्यांच्यावर आहे." अर्जात त्यांचं नाव येणार, ते टळत नाही, पण पैसे कंपनीनं द्यायचे. लायसन्ससारख्या अटी मोडल्या म्हणून कंपनी भांडली, तरी २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून अनेक प्रकरणांत "आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा" असे आदेश झालेत. त्या वेळी मात्र सासऱ्यांना झळ बसेल. विमाच नसेल तर सगळी बसेल. तेव्हा ठरवायचं तुम्हाला आहे, आणि तडजोड करायची झालीच तर ती लोक अदालतीत करा. तिथं न्यायाधीशांसमोर रक्कम लिहिली जाते आणि ती वसूल करता येते. पारावरच्या शब्दाचं तसं नसतं.

बॉण्डवर सही करू नका. घरात किराणा नसेल तर सासऱ्यांकडून पैसे जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण कागदावर "उपचारासाठी तात्पुरती मदत" एवढंच लिहा. "तक्रार नाही" हे दोन शब्द साठ हजारांपेक्षा फार महाग आहेत. किती महाग ते दाखवते.

नवऱ्याची महिन्याची कमाई पंधरा हजार धरली तर वर्षाचे १,८०,००० होतात. सर्जननं पायाचं अपंगत्व समजा चाळीस टक्के लिहिलं. कोर्ट तो आकडा जसाच्या तसा घेत नाही. ते बघतं की या माणसाच्या या कामावर त्याचा परिणाम किती. कारकुनाचा गुडघा वाकला नाही तरी पगार येतो. सेंट्रिंगवाल्याला बल्लीवर चढावं लागतं, उकिडवं बसून प्लेटा ठोकाव्या लागतात. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालानं हा फरक नीट मांडलाय. कमाईची क्षमता तीस टक्के घटली असं मानलं, तर वर्षाला ५४,००० बुडाले. चौतीस वर्षांच्या माणसाला गुणक १६ लागतो, म्हणजे वर्षाच्या तोट्याला सोळानं गुणायचं. झाले ८,६४,०००. यात चार महिन्यांची मजुरी, वेदना, पुढचा रॉड काढण्याचा खर्च, पेन्सिलीच्या पानावरचं काहीच नाही. अर्धी चूक नवऱ्याच्या माथी आली तरी ४,३२,००० उरतात. हा हिशेब म्हणजे निकाल नव्हे. प्रत्येक आकड्यावर वाद होईल. पण साठ हजार कशाच्या जवळ आहेत आणि कशापासून लांब, ते कळावं.

दुसरी एक वाट आहे. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर इजेसाठी अडीच लाख मिळू शकतात, आणि हाड मोडणं गंभीर इजेत येतं. पण ठरलेल्या पद्धतीनं ते स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे चूक दाखवून मागायचा, मोठा दावा संपतो. पुरावे अगदीच विरुद्ध जाताहेत असं वकिलाला वाटलं तर ही वाट बरी. घाईनं घेऊ नये.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्रियांना आणि अपंगत्व आलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळायचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं दिलाय. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० वर फोन करा. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात टाकता येतो, अपघाताच्या जागीच टाकावा लागतो असं नाही. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ऑपरेशनच्या नोंदी यांच्या प्रती दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातून शिक्क्यानिशी घ्या. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला मात्र घाई नको. हाड जुळून पाय स्थिर झाल्यावर तपासणी करा. दावा टाकायला ते लागत नाही, नंतर जोडता येतं. नवरा कामाला होता ते दाखवायला ज्या ठेकेदाराकडं हजेरी लागायची त्याची वही किंवा त्याची साक्ष लागेल. त्याला आत्ताच विचारून ठेवा, माणसं पांगतात.

आणि मुदत. कायद्यात दावा टाकायला अपघातापासून सहा महिने दिलेत. या मुदतीवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, पण तुम्ही त्या वादाच्या भरवशावर राहू नका. तुमचे सहा महिने १२ जूनला भरतात. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, आणि सुट्टी संपते तोवर पाऊस झाला तर तुम्ही पेरणीत अडकाल. म्हणजे हातात हाच महिना आहे. सोमवारी ठाण्यात जा, आणि त्याच आठवड्यात विधी सेवा समितीत. पेन्सिलीचं ते पान बरोबर न्या. जाण्याआधी त्यावर बेरीज करा, पेनानं.